वाळत घातलेले भोपळे

महालक्ष्मी मिरजेला लागली तेव्हा उजाडायचं होतं.
एस्तेर आक्का पत्र्याची ट्रंक घेऊन उतरली,
अकरा वर्षांपूर्वी घेऊन चढली होती तीच,
कडीच्या जागी आता निळी नायलॉनची दोरी.
मी हात पुढे केला तर तिनं तो दोन्ही हातांत घेतला
आणि गुडघे किंचित वाकवले,
जणू मी कुणी वडीलधारा.
मग स्वतःच हसली. "तिकडची सवय रे, शमुवेल."

रिक्षावाला म्हणाला, कुठनं आला म्हणायचं?
"मलावी."
"मालेगाव व्हय? लय लांब की."
ती हो म्हणाली, लांबच.

रविवारी पाळकसाहेबांनी तिला पुढं बोलावलं.
पोरांना सिंह पाहिजे होते.
महिला मंडळाला साक्ष पाहिजे होती,
किती बाप्तिस्मे, किती उद्धार, एखादा गोल आकडा.
आक्का म्हणाली, बाळंतपणं दोन हजार चारशे सात.
हातात राहिली नाहीत त्यांची नावं लिहून आणलीत.
वाचू का?
कुणी खोकलं. दाऊदमामांनी पेटी ओढली
आणि भलत्याच पट्टीत गीत सुरू झालं.
ती वही मिटून आमच्याबरोबर गायली,
तिसऱ्या कडव्यात शब्द विसरली.

घरात ती जमिनीवरच निजते.
पहाटे झोपेत मोजते, त्या भाषेत.
तिथं म्हणे सहाला शब्दच नाही,
पाच आणि एक, पाच आणि दोन, असं जातात पुढं.
एकदा तिनं मक्याचं पीठ घोटून गोळा केला.
मका पिवळा निघाला, तिचा पांढरा असतो.
रिबेका म्हणाली, ही तर मीठ विसरलेली उकड.
आक्का बोटांनी खळगा पाडून खात राहिली,
आल्यापासून पहिल्यांदाच पोटभर.

सतारमेकर गल्लीत मात्र ती थबकली.
पत्र्यांवर, ओट्यांवर, जिन्यात भोपळे वाळत घातलेले.
"आम्ही ह्यातनं पाणी आणतो," ती म्हणाली.
आम्ही, असं म्हणाली.
गौसभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला:
"आणि वाजवत न्हाई? नुसतं पाणी?"
तिला त्यांनी एक छोटा, न चिरलेला भोपळा दिला,
तारेला न चालणारा, कडेला वाकडा.

त्या रात्री तिनं बायबलमधनं माझं पत्र काढलं.
बाबांच्या शेवटच्या पावसाळ्यातलं.
*बाबा ठीक आहेत. तू काम सोडून येऊ नकोस.*
बाबा तेव्हा मिशन दवाखान्यात होते,
जिथं त्यांनी चौतीस वर्षं पुड्या बांधल्या तिथंच,
आणि दाराकडे तोंड करून निजायचे.
लिही म्हणाले, म्हणून लिहिलं.
हे मी तिला सांगणार होतो. अकरा वर्षं पाठ केलेलं.
सगळं खरं नाही तेही.
तिनं बोट ठेवलं: "हा ठ बघ.
दोनदा गिरवलायस. कागद फाटलाय.
मला तेव्हाच कळलं."
मग का नाही आलीस, मी विचारलं, मोठ्यानं,
आतल्या खोलीत रिबेका जागी झाली एवढ्या मोठ्यानं.
आक्का कितीतरी वेळ दोरीची गाठ सोडत बसली.
"कॉलरा होता," म्हणाली.
आणि मग, "कॉलरा नंतर आला, महिन्यानं.
तू येऊ नकोस लिहिलंस. मी ते परवानगी म्हणून घेतलं."

दिवा कुणी घालवला आठवत नाही.

सकाळी आम्ही दोघं कबरस्तानात गेलो,
तिनं गवत उपटलं, मी पाणी आणून दिलं.
बोललो ते गवताबद्दल.

गाडी सुटताना तिनं खिडकीतनं भोपळा परत दिला.
"ट्रंकेत मावंना. ठेव, पुढच्या खेपेला नेईन."
पुढची खेप कधी, हे मी विचारलं नाही,
तीही हिशेब करत असावी, पाच आणि एक, पाच आणि दोन.
स्टेशनापासून घरापर्यंत मी तो उराशी धरून आणला.
वाटेत दोघांनी भाव विचारला.

आता तो कपाटावर असतो.
साफसफाईला खाली घेतला की
आत बिया हलतात.